टेकू सरकवता आला पाहिजे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. लाकडी बैलांना झूल, बेगड, घुंगुरमाळा घालून मुलं त्यांना दोरीनं ओढत चौकात आणतात आणि मग घरोघरी फिरून बोजारा गोळा करतात. नागपूरकर ही प्रथा दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांच्या काळापासूनची सांगतात. बक्षीस मिळतं ते सजावटीला, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा शिंगांकडे असतात. पण बैल चांगला की वाईट हे ठरतं त्याच्या पाटाखाली.

स्वस्तातल्या बैलाचं चाक पाटाच्या कडेला खिळ्यानं थेट ठोकलेलं असतं. खिळा घट्ट बसला तर चाक फिरत नाही आणि बैल डांबरावर खरडत जातो. सैल बसला तर चाक आतबाहेर डुलतं आणि मिरवणूक अर्ध्यावर आली की निखळून पडतं. कसलेला सुतार चाकाच्या मधोमध नीट गोल भोक पाडतो, त्यातून आख आरपार घालतो आणि आखाला पाटाखाली फिरायला केसभर मोकळी जागा ठेवतो. हा बैल चार वर्षांचं पोर एका बोटानं ओढतं. दोन्ही बैल ओढून पाहिलेल्या मुलाला घर्षण म्हणजे काय ते कळलेलं असतं. त्याचं नाव सांगायला पुढे बरीच वर्षं आहेत.

आखाची ही अडचण फार जुनी आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या चार वस्तूंमध्ये एक हत्ती आहे. सुमारे 25 सेंटिमीटर उंचीचा, पाटावर उभा. पाटाखाली आख घालण्याची सोय केलेली आहे. आख आणि चाकं मात्र सापडलेली नाहीत. चारही वस्तूंचं मिळून वजन 60 किलोंच्या वर, म्हणजे पोरांनी खेळायच्या या वस्तू नव्हेत. सिंधू संस्कृतीच्या शहरांत मात्र भाजक्या मातीच्या छोट्या गाड्या आणि चाकं उदंड सापडली आहेत. मोहेंजोदडोचा एक मातीचा बैल तर दोरी ओढली की मान हलवतो. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कुंभारानं मान आणि धड वेगळं भाजलं, मधे आडवी काडी घातली, मानेचा तोल साधला आणि दोरी नेमकी कुठून काढायची ते ठरवलं. तरफ आणि टेकूचा हा सगळा हिशोब त्यानं एका मुलासाठी मांडला.

आपल्याकडे साधी यंत्रं पुस्तकात येतात ती सहावीत. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, चाक आणि आस, स्क्रू. तरफेचे तीन प्रकार आणि प्रत्येकाची उदाहरणं मुलं पाठ करतात, परीक्षेत अडकित्त्याचा प्रकार ओळखतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हे सांगण्यात काही चूक नाही. पण त्याच्या हातांनी हे सगळं पाच-सहा वर्षं आधी भोगलेलं असावं, आणि ते खेळण्यातून व्हावं, असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी खेळणं एका विशिष्ट तऱ्हेनं बनवलेलं लागतं. ते कसं, याचा शोध घेण्यासाठी यंदा मी पुणे जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गाबरोबर बसले.

वर्गाच्या बाईंनी त्या दिवशी गाडी करायला घेतली होती. साहित्य म्हणजे औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, झाडूच्या काड्या, स्ट्रॉचे तुकडे, चिकटपट्टी. झाकणांना तापल्या दाभणानं भोकं पाडायचं काम बाईंनी आदल्या दिवशी घरीच उरकलं होतं, कारण ते मुलांच्या हातात द्यायचं काम नव्हे. एक गोष्ट मात्र त्यांनी जाणूनबुजून केली होती. बहुतेक झाकणांची भोकं मधोमध होती, काहींची मुद्दाम बाजूला सरकवलेली. सगळी झाकणं एकाच ताटात मिसळून ठेवली आणि मुलांना काहीही सांगितलं नाही.

पहिल्या बाकावरच्या मुलानं काड्या पुठ्ठ्याला खालून चिकटपट्टीनं पक्क्या बसवल्या आणि टोकांना झाकणं घट्ट दाबली. गाडी दिसायला झकास झाली. ढकलली तर फरशीवरून घसरली, चाकं जागच्या जागी. त्यानं जोरात ढकलली, ती जोरात घसरली. बाई त्याच्याशेजारी उकिडव्या बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "काय काय फिरतंय, त्यावर बोट ठेवून दाखव बरं."

त्यानं चाकावर बोट ठेवलं. मग काडीवर. मग परत चाकावर. बराच वेळ गेला. "बाई, काहीच फिरंना."

बाई उठून दुसऱ्या बाकाकडे गेल्या. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं, हातही शिवशिवत असणार. पण त्या तिथून निघून गेल्या आणि पोरगा एकटा त्या गाडीसमोर उरला. थोड्या वेळानं त्यानं चिकटपट्टी सोलून काढली, पुठ्ठ्याला स्ट्रॉचा तुकडा चिकटवला आणि काडी स्ट्रॉमधून ओवली. आता काडी फिरत होती आणि काडीबरोबर चाकं. गाडी दारापर्यंत गेली.

पलीकडच्या बाकावर दोन मुलींनी वेगळाच मार्ग काढला होता. त्यांनी काडी पुठ्ठ्याला चिकटलेलीच ठेवली आणि पेन्सिलीचं टोक फिरवून झाकणांची भोकं मोठी केली. आता काडी स्थिर आणि चाकं मोकळी. मोकळी इतकी की गळून पडायला लागली, म्हणून काडीच्या टोकांना त्यांनी मातीच्या गोळ्या लावल्या. बैलगाडीची रचना हीच: आख जागेवर, चाक त्याच्यावर फिरतं, आणि तिथं वंगण लागतं. पहिल्या मुलाची गाडी रेल्वेच्या डब्याच्या वंशातली, जिथं चाकं आखाला घट्ट असतात आणि आख सगळाच फिरतो. चाळीस मिनिटांच्या तासात वर्गानं वाहनांच्या दोन्ही पद्धती शोधून काढल्या होत्या.

आणि मग बाजूला भोक असलेली झाकणं कामाला आली. "बाई, माझी गाडी लंगडती!" सगळा वर्ग त्या गाडीभोवती गोळा झाला. बाईंनी चाक बदलून दिलं असतं तर विषय तिथंच संपला असता. त्यांनी विचारलं, "अजून कुणाला लंगडी गाडी हवी?" हात वर गेले. एकानं दोन्ही लंगडी चाकं सारख्या दिशेला बसवली, गाडी उड्या मारत गेली. दुसऱ्याची चाकं उलटसुलट बसली, ती बदकासारखी डुलत गेली. त्याला ते इतकं आवडलं की पुठ्ठ्यावर त्यानं कागदाचं बदक कापून उभं केलं. गिरणीत, शिवणयंत्रात, मोटारीच्या इंजिनात गोल फिरण्याचं वरखाली हलण्यात रूपांतर करायला हीच मध्यापासून सरकलेली जागा वापरतात. बाईंनी हे काही सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

कप्पीच्या बाबतीत मोठी माणसंच गोंधळलेली असतात. कप्पीनं काम हलकं होतं, असं आपण सर्रास सांगतो. भिंतीतल्या खिळ्यावर दोऱ्याचं रिकामं रीळ अडकवा, त्यावरून दोरी टाकून पाण्यानं भरलेली बाटली ओढा. सात वर्षांचं मूल लगेच सांगेल की बाटली तेवढीच जड लागते. खरं तर किंचित जास्तच, कारण रीळ खिळ्यावर घासतं. एका जागी बसवलेली कप्पी बळ वाचवत नाही, फक्त ओढायची दिशा बदलते. मग विहिरीवर ती का? वाकून वर ओढण्यापेक्षा खाली ओढताना अंगाचं वजन मदतीला येतं म्हणून. मोटेचे बैलही धावेवरून उताराला चालत मोट वर आणायचे. तिथं चाकाच्या जोडीला उतरण होती आणि बैलांचं वजन कामी येत होतं. हे मुलाला आधी खोटं सांगून नंतर सुधारण्यापेक्षा त्याच्या हातात रीळ द्यावं. रीळ खोटं बोलत नाही.

हलकं करायचं तर कप्पी भाराबरोबर हलली पाहिजे. बाटली रिळालाच टांगा, दोरीचं एक टोक वर बांधा आणि दुसरं ओढा. आता जवळजवळ निम्मं बळ पुरतं. मात्र बाटली एक वीत वर न्यायला दोरी दोन विती ओढावी लागते. साध्या यंत्रांचं सगळं मर्म या दोन वितींत आहे. बळ कमी केलं की अंतर वाढतं. तरफ, उतरण, पाचर, स्क्रू, प्रत्येक ठिकाणी हाच सौदा. मुलाला यंत्रांची सहा नावं आली आणि हा सौदा हाताला कळला नाही, तर काहीच शिकवलं गेलं नाही असं मी म्हणेन.

त्या शाळेत हा सौदा दोन झाडूंनी शिकवला. वर्गातले सर्वांत दांडगे दोन मुलगे समोरासमोर उभे राहिले, दोघांच्या हातात झाडूचा एकेक आडवा दांडा. दोरीचं टोक एका दांड्याला बांधून ती दोन्ही दांड्यांभोवती आळीपाळीनं गुंडाळली, मधे सहा पदर झाले. मोकळं टोक वर्गातल्या सर्वांत किरकोळ मुलीच्या हातात दिलं. मुलग्यांनी दांडे मागे खेचून धरायचे, तिनं दोरी ओढायची. मुलगे आधी हसत होते. मग त्यांचे पाय सरकायला लागले, दात आवळले गेले आणि दांडे एकमेकांकडे आले. ती दोरी ओढतच होती, पायाशी दोरीचा ढीग झाला होता. "किती ओढलीस?" बाईंनी विचारलं. दांडे दोन वितींनी जवळ आले होते. दोरी मुलांनी आपापल्या वितींनी मोजली. कुणाच्या अकरा भरल्या, कुणाच्या तेरा. एक मुलगा पदर मोजत होता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "सहा पदर, म्हणून सहापट." गुणाकार त्यांना त्या महिन्यात नुकताच सुरू झाला होता.

अशा खेळण्यांचा विचार आपल्याकडे ज्यांनी आयुष्यभर केला त्यांत अरविंद गुप्ता यांचं नाव आधी घ्यावं लागेल. बरेलीत 1953 साली जन्म, कानपूरच्या आयआयटीतून 1975 मध्ये अभियंता, मग पुण्याच्या टेल्कोत ट्रकच्या कामावर. 1978 मध्ये रजा काढून ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यांतल्या सरकारी शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचं ते काम 1972 पासून चालू होतं. तिथल्या आठवडी बाजारात त्यांच्या हाती सायकलची वॉल्व्ह ट्यूब आली. काळी, रबरी, बारीक नळी. तिचं भोक आगकाडी जेमतेम घट्ट बसेल एवढं असतं. नळीचा छोटा तुकडा म्हणजे सांधा, आगकाडी म्हणजे दांडा. तीन काड्यांचा त्रिकोण केला की तो ढिम्म हलत नाही, चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलंडतो. छपराच्या कैच्या आणि पुलांचे सांगाडे त्रिकोणी का असतात, ते एवढ्यात कळतं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कचऱ्यातून खेळण्यांचा मोठा खजिना उभा केला आणि सगळ्यांना फुकट खुला केला. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ज्वारीच्या मुलखात वाढलेल्यांना ही काडी-सांध्याची रचना ओळखीची वाटेल. धाटाची साल सोलून तिच्या बारीक चिपा करायच्या, आतल्या भेंडाचे तुकडे पाडायचे आणि चिपा भेंडात खुपसून बैलगाडी करायची. भेंड मऊ, म्हणून सांधा. चीप ताठ आणि टोकदार, म्हणून दांडा आणि खिळा दोन्ही. खळं संपलं की पोरं या गाड्या करायची, दोन दिवसांत मोडायच्या, परत करायची. ज्यांनी त्या केल्या त्यांना कुणी अभिकल्पक म्हटलं नाही, पण वस्तूचे भाग सुटे कल्पून ते जुळवण्याची बुद्धी त्यांच्यात पुरेपूर होती.

अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतले सुदर्शन खन्ना यांनी ही बुद्धी गंभीरपणे घेतली. जत्रेत, फुटपाथवर मिळणारी हलती खेळणी गोळा करून त्यांच्या आतली रचना त्यांनी चित्रांसकट मांडली. त्यांचं 'डायनॅमिक फोक टॉइज' 1983 चं. दोन उभ्या काड्यांमधे पिळलेल्या दोरीवर लटकणारा पैलवान आठवा. खालून काड्या दाबल्या की मधल्या आडव्या पट्टीच्या टेकूवर त्यांची वरची टोकं फाकतात, दोरी ताणली जाते, पीळ उलगडतो आणि पैलवान कोलांटी मारतो. दोन तरफा आणि एक पीळ. जत्रेतला विक्रेता हे काही रुपयांत विकतो, आणि त्यातलं काहीच झाकलेलं नसतं.

मराठी बालशिक्षणाला हे नवं नाही. ताराबाई मोडकांनी बोर्डीत आणि मग 1957 पासून अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडला जे केलं, त्याच्या मुळाशी हाच विचार होता. माँटेसोरीची घोटीव, महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडणार नाहीत. मग बिया, शिंपले, खडे, पानं, काड्या यांतून साधनं उभी करायची. काटकसर हा त्यातला निम्माच भाग. मुलाच्या अंगणातली वस्तू शिकण्याचं साधन झाली की घरी गेल्यावरही शिकणं चालू राहतं.

आणि अंगणापेक्षाही स्वयंपाकघरात यंत्रं जास्त. चिमटा, सांडशी, अडकित्ता म्हणजे तरफेचे तिन्ही प्रकार एका फळीवर. विळी म्हणजे पाचर. जात्याचा खुंटा मधल्या मेखेपासून दूर, कडेला असतो, म्हणून जड पाळू फिरते. भातुकली मुलींची आणि नट-बोल्टांचा मेकॅनो मुलग्यांचा, या वाटणीत आपण मुलींचं मोठं नुकसान केलं, आणि भातुकलीत दडलेली यंत्रं मुलग्यांपासून हिरावली. खेळणी बनवणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. भातुकलीतल्या लाकडी जात्याला खुंट्यासाठी एक भोक न ठेवता तीन ठेवा: एक कडेला, एक अर्ध्यावर, एक मेखेला चिकटून. खुंटा काढता-घालता येऊ द्या. मूल स्वतःच तो हलवत बसेल. मेखेजवळ खुंटा असला की मनगट दुखतं, कडेला नेला की जातं सहज फिरतं, पण हाताला मोठा फेरा घालावा लागतो. पुन्हा तोच सौदा.

खेळणं शिकवणारं आहे की नाही, याची माझी कसोटी या जात्यातून निघते. बळ कुठून आत जातं आणि कुठून बाहेर येतं ते डोळ्यांना दिसतं का? एखादी गोष्ट मुलाला सरकवता येते का? टेकू, खुंटा, भोक, उतरणीचा कोन, काहीही. आणि मोडलं तर मूल किंवा घरातलं माणूस ते जोडू शकतं का? बाजारातली बहुतेक 'शैक्षणिक' खेळणी यांतल्या पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. प्लास्टिकच्या बंद कवचात मोटार आणि सेल. बटण दाबलं की गाडी धावते. सेलचा कप्पा स्क्रूनं बंद ठेवतात तो मुलाच्या सुरक्षिततेसाठी आणि ते योग्यच आहे. पण मग दांड्या, चाकं, दोऱ्या तरी पारदर्शक कवचाखाली उघड्या ठेवता येतील.

लहान भाग तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात जातात, रंग विषारी असू शकतात, म्हणून 1 जानेवारी 2021 पासून देशात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट दिली, ही चांगली गोष्ट झाली. सावंतवाडीच्या चितार आळीतले कारागीर लाकडी फळं, भाज्या आणि भोवरे रंगवतात. त्यांच्या हातांत आख नीट बसवण्याचं कौशल्य आजही आहे. आखावर चालणारा पांगुळगाडा हे तर मुलाच्या आयुष्यातलं पहिलं यंत्र, कारण त्याला धरूनच ते उभं राहतं. अभियंता आणि असा सुतार एका पाटावर बसले तर काय काय निघेल, या कल्पनेनं मला हुरूप येतो.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर खेळण्यांतून शिकवण्याची भाषा सरकारी कागदांत आली. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' हा खेळ-साहित्याचा संच फेब्रुवारी 2023 मध्ये निघाला. दिशा बरोबर आहे. पण एका शाळेत मी साहित्याचं खोकं कुलपात पाहिलं. हरवलं तर भरपाई कोण करणार, ही शिक्षकांची खरी भीती होती. मोडण्याची आणि हरवण्याची तरतूद हिशोबात धरल्याशिवाय खेळणी वर्गात फिरणार नाहीत. दुसरं संकट घरचं. विज्ञान प्रदर्शनासाठी पालक स्टेशनरीच्या दुकानातून तयार 'प्रोजेक्ट' आणतात किंवा रात्री जागून स्वतः करतात, आणि मूल सकाळी पाठ केलेली चार वाक्यं म्हणतं. लंगडी गाडी प्रदर्शनात ठेवायची मुभा मिळायला हवी. ती का लंगडते हे ज्यानं ती केली तो सांगू शकतो.

दुसरीच्या त्या वर्गानं आइस्क्रीमच्या काडीखाली खोडरबर ठेवून कागदाचे बोळे उडवले. खोडरबर बोळ्याच्या जवळ नेलं की काडी दाबायला हलकी, पण बोळा जेमतेम उडायचा. दूर नेलं की दाबायला जड, पण बोळा पंख्यापर्यंत. बाईंनी फळ्यावर खोडरबराच्या तीन जागा काढल्या आणि मुलांनी प्रत्येक जागेपुढे बोळा कुठवर गेला ते खडूनं लिहिलं. कागदाची त्रिकोणी पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळून उतरणीचं मळसूत्र कसं होतं, तेही एके दिवशी झालं, पण ते बघण्यापुरतंच राहिलं. हाताला त्यातून बळ जाणवत नाही.

स्क्रू या वयात शिकवायला सर्वांत अवघड. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं 1901 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं त्या मेकॅनोत नट-बोल्ट आहेत, पण सहा वर्षांच्या बोटांना ते फार बारीक. म्हणून बाईंनी गावातल्या ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून जुने मोठे नट-बोल्ट मागवले आहेत, रॉकेलनं धुऊन, धारा घासून. दोन फळ्यांमधे ओली चिंध्यांची घडी ठेवायची, बोल्ट घालायचा आणि नट हातानं फिरवत न्यायचा. मुठीत पिळून जेवढं पाणी निघतं त्यापेक्षा जास्त निघतं का, ते वाटीत मोजायचं. मोजमाप दोन गटांनी वेगवेगळं करायचं आहे, आणि नटाचे वेढे किती झाले ते लिहायला एक मुलगी आधीच नेमलेली आहे.